वकीलताईंना विचारा: बोगद्यातलं पाणी कोणाचं?

प्रश्न : ताई, आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, रेल्वे लाईनीच्या अलीकडे. वावरं सगळी पलीकडे. आधी तिथं फाटक होतं, गेटमन होता. मग फाटक बंद करून लाईनीखालून रस्त्याला बोगदा केला. पावसाळ्यात त्यात कमरेइतकं, कधी छातीइतकं पाणी साचते. या ऑगस्टात माझा मोठा भाऊ रात्री वावरातून मोटारसायकलनं घरी येत होता. बोगद्यात लाईट नाही. पाण्याचा अंदाज आला नाही, गाडीसकट आत गेला. सकाळी सापडला. रेल्वेचे साहेब म्हणतात, रस्ता आणि पाणी काढणं जिल्हा परिषदेकडे आहे. जिल्हा परिषदेचे इंजिनिअर म्हणतात, बोगदा रेल्वेनं बांधला, लेव्हल त्यांनीच चुकवली. पोलिसांनी आकस्मिक मृत्यू नोंदवला आणि पंचनाम्यात ‘स्वतःच्या हयगयीने’ असं लिहिलं. काल तेरवी झाली. घरी आई, वहिनी, दोन लहान पोरं आहेत. आम्ही कोणाच्या दारात जायचं?
— एक शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर दोन अर्ज करायला सांगितले होते. बाकी वाचकांसाठी तेच आधी लिहिते, कारण तेरवीपर्यंत घरात कोणी कागदाला हात लावत नाही आणि मुदत मात्र थांबत नाही.

पहिला अर्ज गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. पाण्यात बुडून झालेला मृत्यू त्यात बसतो आणि दोष रेल्वेचा की जिल्हा परिषदेचा हा प्रश्न तिथं येत नाही. दुसरा अर्ज मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे. पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ अशी ओळ असेल, गाडी भावाच्याच नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल, तर १५ लाखांचं संरक्षण असतं. कित्येक घरांत ती पॉलिसी गाडीच्या डिक्कीत ओली होऊन पडलेली असते, कोणी उघडूनही बघत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

माझे बाबा ३१ वर्षं गेटमन होते. मी फाटकावरच्या खोलीत अभ्यास करून मोठी झाले. गाडी सुटायची वेळ झाली की स्टेशन मास्तरांचा फोन यायचा. बाबा बाहेर जाऊन फाटक पाडायचे, कुलूप ओढून बघायचे, परत येऊन आपल्या जवळच्या कागदावरचा एक आकडा मास्तरांना सांगायचे. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो नंबर दिला म्हणजे फाटक बंद झाल्याची जबाबदारी गेटमननं घेतली. नंबर रजिस्टरमध्ये चढायचा, कागदावर खोडला जायचा, पुन्हा वापरायचा नाही. उद्या काही झालं तर कोण कुठं चुकलं हे त्या एका ओळीत दिसायचं. बोगद्याला असं रजिस्टर नाही. तिथं ड्युटीवर कोणीच नाही, म्हणून दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

फाटक बंद करण्यामागचं कारण खोटं नव्हतं. फेब्रुवारी २००५ मध्ये आपल्या नागपूरकडच्या कन्हानजवळ लग्नाच्या वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला पॅसेंजर गाडीनं उडवलं, ५० हून जास्त माणसं गेली. तिथं फाटकच नव्हतं. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची सगळी क्रॉसिंगं संपवली गेली, गेटमन असलेली फाटकंही एकेक करून बंद होत आहेत. लाईनीवरचा धोका त्यानं कमी झाला, हे मला मान्य आहे. पण काळ्या मातीच्या मुलखात, नाल्याच्या अंगाला खड्डा खणून रस्ता खाली नेला, तर पाणी त्यातच येणार. ते बाहेर कोण काढणार हे बांधायच्या आधी कागदावर ठरलेलं असतं. तोच कागद तुम्हाला हवा आहे.

माहिती अधिकारात तीन अर्ज टाका : रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात. प्रत्येकी १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. फाटक बंद करायला दिलेल्या संमतीचं पत्र मागा. बोगद्याचा मंजूर नकाशा मागा. त्याला ऑफिसात ‘जीएडी’ म्हणतात आणि त्यात नालीची लेव्हल असते. रस्ता, नाली, पंप आणि दिव्याची देखभाल कोणाकडे, याचा करार किंवा हमीपत्र मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी साचतं म्हणून गावानं आजवर दिलेल्या तक्रारी आणि ग्रामपंचायतीच्या ठरावांवर काय कारवाई केली ते लेखी मागा. दोन वर्षांआधीचा एक जरी अर्ज पोच घेतलेला निघाला, तरी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे दोघांनाही म्हणता येणार नाही.

पुरावा मात्र आजच गोळा करा, पाणी उतरलं की तोही वाहून जातो. मागच्या पावसाळ्यात एका केससाठी मी अशाच बोगद्यात उतरले होते. पाणी किती खोल ते कळावं म्हणून भिंतीवर पांढऱ्या पट्टीवर लाल आकडे रंगवलेले असतात, त्यावरून गाळाची तपकिरी रेघ गेलेली होती, माझ्या खांद्याच्या वर. नालीच्या जाळीत पऱ्हाटीच्या काड्या, खताच्या रिकाम्या थैल्या आणि एक लहान मुलाची चप्पल अडकलेली होती. जाळी उचलली तेव्हा कळलं, नालीचं तोंड नाल्याच्या पात्रापेक्षा खाली होतं. म्हणजे जाळी रोज साफ केली असती तरी नाल्याला पूर आला की पाणी उलटं आत आलं असतं. जाळी तुंबणं हा देखभालीचा दोष, तोंड खाली असणं हा बांधणीचा. तिथं दोन्ही होते, तुमच्याकडेही असू शकतात. सरपंच आणि दोन पंच सोबत घ्या, रेघेला टेप लावून फोटो काढा, नालीच्या तोंडाचा काढा, दिव्याच्या खांबाचा काढा, इशाऱ्याचा फलक आहे की नाही तेही टिपा.

रेल्वे आणि जिल्हा परिषद यांचं आपसात ठरेपर्यंत तुम्ही थांबू नका. दोघांनाही प्रतिवादी करा. केरळात १९७९ साली बिनगेटमनच्या क्रॉसिंगवर प्रवासी गाडीला रेल्वेनं धडक दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९७ मध्ये निकाल लागला. फाटक लावायचा सरकारी आदेश नव्हता, एवढ्यानं रेल्वे सुटत नाही, लोकांच्या जिवाची काळजी घेणं हे तिचं कायद्याच्या कलमापलीकडचंही कर्तव्य आहे, असं न्यायालयानं म्हटलं. तुमच्या दाव्याचा पाया मी त्यावरच धरीन. कोणाचा दोष किती टक्के हे कोर्ट बघेल. भावानं पाणी दिसत असताना गाडी घातली, असा मुद्दा समोरचे काढतील आणि त्यापोटी रक्कम कमी होऊ शकते. म्हणून अंधार होता आणि दिवा नव्हता, हे पुराव्यात पक्कं आलं पाहिजे.

दावा तुमच्या नावानं लागणार नाही. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा पती-पत्नी, आईवडील आणि मुलं यांनाच हक्क देतो, भावाला नाही. वहिनी, पोरं आणि आई असे वादी होतील. मृत्यूपासून २ वर्षांची मुदत आहे. दावा लावण्याआधी रेल्वेला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यावर २ महिने थांबावं लागतं, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल तर वहिनींना घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाचा दाखला न बघता मोफत वकील मिळतो.

आणि पंचनाम्यातलं ते वाक्य. तो एका हवालदाराचा शेरा आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. वहिनींना हे नीट समजावून सांगा. नवऱ्याच्याच चुकीनं तो गेला असं त्या धरून बसल्या आहेत, हे तुमच्या पत्रातून दिसलं नाही, फोनवर मागं त्यांचं रडणं ऐकलं तेव्हा कळलं.

प्रश्न : आम्ही वीस बाया कापूस वेचायला ट्रॉलीत बसून जातो. फाटक पडत असलं तरी ट्रॅक्टरवाला दामटून काढतो. एखाद दिवशी काही झालं तर आमचं काय?
— एक मजूर महिला, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, चूक ट्रॅक्टरवाल्याची असेल तर ती मागं बसलेल्या बायांच्या माथी मारता येत नाही. वर सांगितलेल्या केरळच्या निकालात हेही आहे. पण ट्रॉलीचा विमा माणसं वाहण्यासाठी नसतो, त्यामुळे विमा कंपनी शेवटपर्यंत भांडते. शिवाय असे वाद फार लवकर गढूळ होतात. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ स्कूल व्हॅनला रेल्वेनं उडवलं, ३ मुलं गेली. फाटक उघडं कसं राहिलं यावरून गेटमन आणि ड्रायव्हर यांची उलटसुलट बाजू निघाली. तिथं फाटकाऐवजी करायच्या भुयारी मार्गाला जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षभर परवानगी दिली नाही, असं रेल्वेनं सांगितलं.

बंद केलेलं फाटक उघडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, फाटक तोडलं तर ५ वर्षांपर्यंत. हे कलम मालकाला वाचून दाखवा, ड्रायव्हरला नको. घाई मालकाची असते. तोवर वीसही जणी मिळून एक करा. फाटकाच्या अलीकडे ट्रॉली थांबवायला लावा, उतरा, फाटक उघडल्यावर दोन्हीकडे बघून पायी ओलांडा आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसा. मजुरी कापली तर मला लिहा.