‘कट अँड रन’मधला कट कुणाचा?

प्रश्न असा आला: इंग्रजीतला ‘कट अँड रन’ हा वाक्प्रचार आणि ‘हिट अँड रन’ एकच का, आणि साध्या ‘रन अवे’पेक्षा त्यात वेगळं काय?

एकच नाही हो! गाडीखाली माणूस चिरडून ड्रायव्हर पसार झाला, तर ते ‘हिट अँड रन’. त्यालाच ‘कट अँड रन’ म्हणणारे महाभाग हल्ली फार झालेत. काहींना तर त्यात क्रिकेट दिसतं: चेंडू पॉइंटकडे कट केला आणि धाव घेतली. कपाळ माझं!

हा कट कुऱ्हाडीचा. शिडाच्या मोठ्या युद्धनौकेवर नांगराच्या दोराचा घेर दोन फुटांच्या आसपास असे. नांगर वर घ्यायचा तर खलाशांच्या झुंडीने रहाट फिरवत बसायचं. शत्रू अंगावर आल्यावर एवढा वेळ कुठला? घाला कुऱ्हाड, सोडा शिडं, वारा नेईल तिकडे पळा. 1794 साली लंडनला छापलेल्या जहाजविद्येच्या पुस्तकात अगदी हाच अर्थ दिलाय.

काही पंडित म्हणतात, कापायचे ते गुंडाळलेल्या शिडांचे बंद. शिडं सुटतील, कबूल. पण नांगर तळाशी रुतलेला असताना जहाज पळणार कुठे? या मंडळींनी साधी होडीही हाकारलेली नसावी.

माझा लाडका दाखला 1588 च्या ऑगस्टमधला. फ्रान्सच्या कॅलेस बंदरासमोर स्पॅनिश आरमार नांगरून पडलं होतं. इंग्रजांनी रात्री आठ पेटती जहाजं वाऱ्याबरोबर त्यांच्या अंगावर सोडली. स्पॅनिशांनी घाबरून दोर कापले. त्यांचं एकही जहाज पेटलं नाही, पण नांगर राहिले समुद्राच्या तळाशी. पुढे परतीच्या वाटेवर आयर्लंडच्या किनाऱ्याशी वादळात सापडले, तेव्हा टाकायला धड नांगर नव्हते. कितीतरी जहाजं खडकांवर फुटली. वाक्प्रचार छापील दिसतो तो 18 व्या शतकात, तरी त्याचं बीज इथलंच, असं माझं ठाम मत. पुरावा मागू नका.

तर नुसतं पळणं नव्हे. अंगावर घेतलेलं काम अर्धवट टाकून, पदरचं गमावून पळणं. म्हणूनच त्यात टोमणा आहे. 2006 मध्ये इराकमधून फौज परत आणा म्हणणाऱ्यांना अमेरिकेतले रिपब्लिकन पुढारी हाच शब्द फेकून मारत होते.

मराठीत कुणी ‘गाशा गुंडाळणे’ सुचवतं. साफ चूक. गाशा म्हणजे घोड्याच्या जिनावरचं कापड. तो गुंडाळणारा निदान आपलं सामान तरी बरोबर नेतो. इथे नांगरच पाण्यात! ‘शेपूट घालून पळणे’ त्यातल्या त्यात बरं.

हां, ‘रन अवे’ राहिलंच. ते घरातून पळालेल्या पोरालाही चालतं आणि उधळलेल्या घोड्यालाही.