अभ्यासक्रम पुरा झाला, वडील मात्र मिळेनात

प्रश्न : आमच्या रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट) मंडळीत तीन वर्षांपासून सहा महिन्यांचा शिष्यत्व-अभ्यासक्रम चालतो. तो पूर्ण केलेले पुष्कळ आहेत, पण वडीलपदासाठी, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांच्या पदासाठी, नाव सुचवताना आम्ही अडखळतो. एक तरुण उत्साही आहे, बोलतोही उत्तम; विश्वासात येऊन त्याला दीड वर्ष झाले. त्याला नेमावे काय?
– वडीलमंडळाचा एक सभासद

उत्तर : इतक्यात नेमू नये. नव्याने विश्वासात आलेल्यावर देखरेखीचे पद सोपवल्यास तो गर्वाने फुगण्याचा धोका असतो, असे नव्या करारात पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्रात (३:६) बजावले आहे आणि हात ठेवण्याची, म्हणजे पदावर नेमण्याची, घाई करू नये, असेही त्याच पत्रात (५:२२) सांगितले आहे. त्या तिसऱ्या अध्यायातील अपेक्षा पुन्हा वाचून पाहा. शिकवण्याची हातोटी वगळली, तर बाकी बहुतेक सर्व गोष्टी माणसाचा स्वभाव, घर, पैसा आणि बाहेरच्यांमधील नाव यांविषयी आहेत, आणि त्या वर्गात बसून कळत नाहीत. (अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रमाणपत्र देत असाल, तर ती प्रथा बंद करावी, आपण आता तयार झालो, असा समज त्यातून होतो.)

आपल्या परंपरेने शिक्षणाला कमी लेखले, असे मात्र नव्हे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतील, म्हणजे प्रश्नोत्तररूपाने विश्वास शिकवणाऱ्या आपल्या पुस्तकातील, १२९ प्रश्न ५२ प्रभुवारांत (रविवारांत) विभागलेले आहेत, म्हणजे वर्षभरात ती पुरी होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करता येते. तेच उत्तर विसाव्या वर्षी पाठ म्हणणे वेगळे आणि आजारपण, कर्ज किंवा घरातला मृत्यू पाहिल्यावर चाळिसाव्या वर्षी म्हणणे वेगळे. सहा महिन्यांत हे साधत नाही, त्यात शिकवणाऱ्याचा दोष नाही.

कॅल्व्हिनच्या जिनिव्हात १५४१ च्या मंडळी-नियमावलीने पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदे ठरवली. वडील शहराच्या प्रत्येक भागातून निवडावेत, म्हणजे त्यांची नजर सगळीकडे राहील, अशी तरतूद तिच्यात होती. वडिलांचे मुख्य काम लोकांच्या आयुष्यावर लक्ष ठेवण्याचे मानले गेले होते. सभेत बोलणे त्यामानाने दुय्यम. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते आणि जो चांगली प्रार्थना करतो, त्याचेच नाव पुढे येते.

म्हणून त्या तरुणाला आधी सोबत घ्या. तुमच्यापैकी एका अनुभवी वडिलांनी पुढची दोन-तीन वर्षे त्याला घरभेटींना न्यावे, परतताना तिथे काय दिसले ते विचारावे आणि चुकेल तिथे एकांतात सांगावे. मुलांच्या प्रश्नोत्तरीचा एक वर्ग त्याच्याकडे द्यावा. कंटाळलेल्या मुलांपुढे संयम किती टिकतो, ते लवकर कळते. त्याच्या घरच्यांशीही बोलावे. अभ्यासक्रम केलेल्या इतरांपैकी जे गाजावाजा न करता आजाऱ्यांकडे जात असतील, त्यांची नावे तुमच्या यादीत आहेत का, तेही एकदा तपासावे.