डॉलर कमरेला बांधू का कार्ड खिशात ठेवू?

प्रश्न: सर, उदगीरला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून मला अन् मिसेसला बँकॉक-पट्टायाची टूर लागलीय, विमान हैदराबादहून आहे. राहणं, जेवण, फिरणं कंपनीचं, वरखर्च अन् खरेदी आपली. मोंढ्यातले जे जाऊन आलेत ते सगळे म्हणतात डॉलर कॅश घ्या, कमरेला बांधा, कार्डाच्या भानगडीत पडू नका. पोरगा पुण्याला नोकरीला आहे, तो म्हणतो कॅश नेऊच नका. आम्ही सव्वा लाखापर्यंत खर्च धरलाय. कुणाचं ऐकावं?

उत्तर: दादा, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पण कॅश का कार्ड ह्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पैसा खरा तिथं जातो. तुम्ही मोंढ्यात सोयाबीन घालता तेव्हा नुसता पुकारलेला भाव बघत नाही ना, हमाली, तोलाई, कटती सगळं जाऊन पट्टीवर हातात किती पडले ते बघता. डॉलरचं तसंच आहे. 'झिरो कमिशन' अशी पाटी लावलेला मनी चेंजर डॉलरमागं दीड रुपया रेटमध्येच जास्त लावतो, म्हणजे हजार डॉलरला दीड हजार रुपये गेले अन् पावतीवर कमिशन शून्य. म्हणून काउंटरवर जाऊन "आज रेट काय" असं विचारू नका, "मला ५०० डॉलर पाहिजेत, सगळे टॅक्स, चार्जेस धरून मी एकूण किती रुपये द्यायचे" असं विचारा, अन् हाच प्रश्न दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, तुमची स्वतःची बँक धरून. मी फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या टेबलावर बसायचो तेव्हा हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आलं की आम्ही आपोआप रेट थोडा खाली आणायचो, खरं सांगतो. जीएसटीची भीती घालतात तेवढं ते मोठं नाही, लाखभर रुपयांच्या चलनाला १८० रुपये होतो. अन् प्रवासाला नेलेल्या पैशावर जो २० टक्के टीसीएस (चलन घेतानाच आगाऊ कापतात तो टॅक्स) म्हणतात तो वर्षाला १० लाखाच्या वर गेलात तर, तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

दुकानाच्या गल्ल्यातली रोकड घेऊन डॉलर आणायला निघू नका, ५० हजाराच्या पुढं नगदी रुपये घेतच नाहीत, चेक किंवा बँकेतून द्यावे लागतात. पासपोर्ट, पॅन, तिकीट सोबत ठेवा.

आता किती कशात. मी तुमच्या जागी असतो तर दोघांत मिळून ३०० डॉलर कॅश, बाकी सगळं फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डावर, अन् तुमचं घरचं व्हिसा नाहीतर मास्टरकार्डवालं एक कार्ड अडीअडचणीला, ते मिसेसच्या पर्समध्ये, फॉरेक्स कार्डाच्या जवळ नाही. कॅश लागतेच, पोरगा म्हणतो तसं एकदम कॅशशिवाय थायलंडात जमत नाही, रात्रीच्या बाजारात, रस्त्यावरच्या गाड्यावर, टुकटुकला नोटाच लागतात, तिथं दिसणारे क्यूआर तिथल्या बँकांचे असतात, आपलं फोन पे त्यावर चालेल असं धरून जाऊ नका. पण सगळा सव्वा लाख कमरेला बांधून पट्टायाच्या समुद्रात उतरणार का? अन् हॉटेलच्या खोलीत ठेवून फिरायला गेलात तर दिवसभर जीव तिथंच राहतो, टूर कसली मग. कार्ड हरवलं तर फोन करून बंद करता येतं, शिल्लक वाचते. नोटा गेल्या म्हणजे गेल्या.

डॉलर घेताना १०० च्या नोटा मागा. बँकॉकला मनी चेंजरच्या बोर्डावर एकाच डॉलरचे दोन-तीन रेट असतात, १०० च्या नोटेला सगळ्यात चांगला, १ अन् ५ च्या नोटेला कमी. अन् नोट हातात घेऊन उजेडात बघूनच घ्या, आपल्याकडं नोटेवर पेनानं आकडा लिहिलेला असतो, कोपरा दुमडलेला असतो, आपण चालवून घेतो, तिकडं असली नोट परत सरकवतात. एअरपोर्टवर फक्त टॅक्सी-पाण्यापुरते बाहत (थायलंडचं चलन) करून घ्या, बाकीचे शहरात, कारण एअरपोर्टचा रेट कुठंही पडलेलाच असतो, हैदराबादला पण अन् तिकडं पण.

फॉरेक्स कार्ड घेताना बाहत भरता येतात का ते आधी विचारा. नुसतं डॉलरचं कार्ड असेल तर तिकडं डॉलरचे बाहत होताना परत क्रॉस करन्सी म्हणून काही टक्के कापतात अन् मग कार्डाचा फायदा निम्मा होऊन जातो. तिथल्या एटीएममधून काढायचे तर सारखे सारखे थोडे थोडे काढू नका, परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाहत किंवा वर त्यांच्या बँकेची फी लागते, हजार काढा का दहा हजार, फी तीच, वरून आपल्या कार्डवाल्याची वेगळी. अन् क्रेडिट कार्डानं एटीएममधून पैसे चुकूनही काढायचे नाहीत, त्याला व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, बिलाची तारीख वगैरे काही नाही.

घरचं कार्ड नेण्याआधी ते नीट बघा. आपल्याकडं बऱ्याच जणांकडं सहकारी बँकेचं साधं रुपे कार्ड असतं, ते देशाबाहेर चालत नाही, रुपेचं इंटरनॅशनल वेगळं येतं. व्हिसा असलं तरी १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशात चालू अशीच मिळतात, परदेशातला वापर ॲपमधून नाहीतर बँकेत जाऊन स्वतः चालू करावा लागतो, अन् हे काम निघायच्या आठवडाभर आधी करा, बँकॉकला दुकानात उभं राहून ब्रँचला फोन लावत बसू नका. ॲपमध्ये तीन वेगळी बटणं असतात, एटीएम, दुकान अन् ऑनलाइन. पहिली दोन चालू करा, ऑनलाइन बंदच ठेवा, कारण परदेशी वेबसाइटवर ओटीपी न विचारता पैसे जाऊ शकतात.

प्रश्न: नमस्कार. मुलगा जर्मनीत असतो, आम्ही दोघं परभणीहून तीन महिन्यांसाठी त्याच्याकडं जातोय, पहिल्यांदाच. मुलगा म्हणतो काही आणू नका, माझं कार्ड वापरा. ह्यांना ते बरं वाटत नाही, प्रत्येक गोष्टीला पोराकडं पैसे मागायचे का म्हणतात. युरो नोटा न्याव्यात का कार्ड करून घ्यावं?

उत्तर: ताई, भाऊंचं अगदी बरोबर आहे, स्वतःचे पैसे स्वतःच्या खिशात असले की तीन महिने मोकळं वाटतं. नातवाला आइस्क्रीम घ्यायचं तर सूनबाईकडं बघावं लागू नये. मुलाचं कार्ड अन् पिन तुम्ही वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, उद्या काही झालं तर तो अडचणीत येईल, हे त्याला सांगा, समजेल.

जर्मनी म्हणजे सगळीकडं कार्ड असं आपल्याला वाटतं, पण नोटा वापरायची सवय तिथल्या लोकांना अजून बऱ्यापैकी आहे. मोठ्या सुपरमार्केटात आपलं व्हिसा, मास्टरकार्ड चालतं, पण कोपऱ्यावरच्या बेकरीत, आठवडी बाजारात, छोट्या कॅफेत फक्त कॅश असू शकतं, काही दुकानं तर तिथल्या बँकेचंच कार्ड घेतात अन् आपलं मशीनला लावलं की नाही म्हणतं. तेव्हा युरोचं फॉरेक्स कार्ड करा अन् सोबत थोडे युरो ठेवा, ५० च्या अन् त्याहून लहान नोटा. ५०० ची युरो नोट कुणी देऊ केली तर घेऊ नका, ती नव्यानं बाजारात आणणं २०१९ लाच बंद झालंय, बँकेत चालते पण दुकानदार हात लावत नाहीत. नाणी मात्र जपून ठेवा, स्टेशनवरच्या बाथरूमला नाणं लागतं, सुपरमार्केटची ट्रॉली सोडवायला नाणं घालावं लागतं, ट्रॉली परत लावली की नाणं परत. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट घेतात, ती फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते.

अन् मुलगा एखाद्या रविवारी स्वित्झर्लंडला नेईल, तिथं युरो नाही, फ्रँक आहे, युरोचं कार्ड तिथं घासलं तर तोच क्रॉस करन्सी चार्ज. एक-दोन दिवसाला लागू द्या, त्यासाठी वेगळं कार्ड करायची गरज नाही.

इथलं सिमकार्ड बंद करून ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात, खात्यातून काही गेलं तर कळायला तेवढंच साधन आहे. तुमचा काही दोष नसताना कार्डावरून बाहेरच्यानं पैसे काढले अन् बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानं तुमचं नुकसान शून्य धरतात, पण मेसेजच बघितला नाही तर कळवणार कसं.

प्रश्न: दुबईत मॉलमध्ये कार्ड दिलं की मशीनवर रुपये का दिरहम असं विचारतं. रुपये दाबलेलं बरं ना, हिशेब लगेच कळतो? — जालना

उत्तर: नाही, नाही अन् नाही. दिरहम दाबा. थायलंडात बाहत, जर्मनीत युरो, जिथं आहात तिथलंच चलन. रुपये दाबले की रुपयाचा रेट तुमची बँक लावत नाही, त्या मशीनवाला लावतो, त्याच्या मर्जीचा. समजा बिल बाजारभावानं १०,८०० रुपयांचं आहे. तुमच्या बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावरचा जादा आकार) अन् त्यावर जीएसटी धरला तरी सव्वाअकरा हजारच्या आत बसतं. मशीनवर मात्र साडेअकरा, पावणेबारा हजार असा आकडा येऊ शकतो, अन् वरून आपल्या बऱ्याच बँका ह्या रुपयातल्या व्यवहाराला आणखी एखादा टक्का लावतात. फॉरेक्स कार्डावर तर हे आणखी वाईट, तुम्ही आधीच दिरहम भरून ठेवलेत, त्याचे रुपये अन् रुपयाचे परत दिरहम, दोनदा कापणी. आकडा ओळखीचा दिसतो म्हणून आपली साधी माणसं रुपये दाबतात, मला ह्याचा फार राग येतो. कधी कधी कॅशियर स्वतःच विचारल्याशिवाय रुपये दाबून टाकतो, पावतीवर सही करायच्या आधी बघा, रुपये दिसले तर रद्द करून परत मारायला लावा, त्यात लाजायचं काही नाही. एटीएमवर पण हाच प्रश्न वेगळ्या भाषेत येतो, 'विथ कन्व्हर्जन' का 'विदाऊट', तिथं विदाऊट.

प्रश्न: अम्मी-अब्बू उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) सौदीला चाललेत, छत्रपती संभाजीनगरहून ग्रुप आहे. दोघांनी आयुष्यात कधी कार्ड वापरलं नाही. रियाल कॅशच द्यावेत ना?

उत्तर: हो भाई, त्यांना कॅशच द्या, ज्या गोष्टीची सवय नाही ती इबादतीच्या प्रवासात शिकायला लावू नका. रियाल इथूनच करून द्या, १०० च्या वरच्या नोटा कमी अन् ५, १० च्या भरपूर, उमरा झाल्यावर न्हाव्याला, व्हीलचेअर ढकलणाऱ्याला, चहा-खजुराला सुटेच लागतात. रियाल डॉलरला १९८६ पासून ३.७५ वर बांधलेला आहे, त्यामुळं उरलेल्या पैशाचे डॉलर नेले तरी तिथं रेट खाली-वर व्हायची चिंता नाही. पण सगळे एकाच्या अंगावर नको. एहरामला (यात्रेत पुरुष गुंडाळतात त्या न शिवलेल्या कापडाला) खिसा नसतो, अब्बूंना कमरपट्टा घेऊन द्या, त्यात त्या दिवसापुरतंच, बाकीचे अम्मींच्या बॅगेत अन् थोडे खोलीवर कुलुपात, तवाफच्या (काबाभोवती फेऱ्या घालतानाच्या) गर्दीत पट्टा कापला गेला तरी सगळं जाऊ नये. ग्रुपमध्ये कुणी तरुण ओळखीचं असेल तर एक फॉरेक्स कार्ड थोडे रियाल भरून अब्बूंच्या नावावर करून ठेवा, दवाखान्याची वेळ आली तर तुम्ही इथून त्यात पैसे भरू शकता, नोटा तुम्हाला इथून पाठवता येणार नाहीत.

प्रश्न: नांदेडहून बसनं पशुपतिनाथ, मुक्तिनाथ. नेपाळी रुपये कुठून घ्यावेत?

उत्तर: नांदेडात शोधत फिरू नका. आपल्या १०० च्या नोटांची दोन-तीन बंडलं घेऊन जा, १०० ला १६० नेपाळी हा ठरलेला भाव आहे, बॉर्डरवर कुणी १५० देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. ५०० च्या नोटांचे नियम तिथं बदलत आलेत, १०० वर कधी वाद होत नाही. काठमांडूत बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय स्कॅन होतं, पण मुक्तिनाथ उंचावर आहे, तिथं नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, वर चढायच्या आधी पोखऱ्यातच नेपाळी नोटा सुट्या करून घ्या.