शंका-समाधान : इंग्रजी शब्द पाठ होतो, हाताशी का येत नाही?

प्रश्न : मी रोज २० कठीण शब्द वहीत उतरवतो. अर्थ विचारला तर सांगता येतो, पण निबंध लिहायला बसलो की एकही सुचत नाही. महिन्याभरात जुने शब्द पुसटही होतात. काय चुकतंय?
(विद्यार्थी, विजापूर रोड, सोलापूर)

उत्तर : इथे दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं साध्या हिशेबाचं आहे. नवा शब्द पक्का व्हायचा तर तो विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवावा लागतो. साधारण १, ३, ७ आणि २१ दिवसांनी, म्हणजे आणखी चार वेळा. रोज २० नवे घेतलेत तर तीन आठवड्यांनंतर रोजचे २० नवे आणि ८० जुने, असे १०० शब्द समोर येतात. चुकलेले पुन्हा पहिल्यापासून, ते वेगळेच. एवढं कोणाच्याच हातून होत नाही. उजळणी तुंबते आणि माणूस नवी यादी करायला घेतो, कारण ती करताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा रोज ७ घ्या. ७ आणि २८ मिळून ३५ होतात. तेवढ्यांची उजळणी पंधरा मिनिटांत आटोपते. चार दिवस गावी गेलात आणि उजळणी साठली, तर ती संपेपर्यंत नवा शब्द घ्यायचा नाही.

आणि उजळणी म्हणजे वाचणं नव्हे. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ असला की नजर दोन्हींवर एकदम पडते आणि ‘हे तर येतंय’ असं वाटतं. झाका, आठवा, मग बघा. वहीपेक्षा सुटी कार्डं बरी, कारण वहीत पुष्कळदा शब्द आठवत नाही, त्याची पानावरची जागा आठवते.

दुसरं दुखणं अर्थाचं. ‘मिटिगेट’पुढे तुम्ही ‘कमी करणे’ लिहिलं असणार. ‘अलिव्हिएट’पुढेही तेच, ‘कर्टेल’पुढेही तेच. आता लिहिताना तिघांतला कोणता उचलायचा? मराठीत तुम्ही असं करत नाही. ऊन रणरणतं, थंडी कडाक्याची, पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा. ‘सोसाट्याचं ऊन’ असं सोलापूरचं पोर चुकूनही म्हणणार नाही. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’ असतो. ‘स्ट्राँग रेन’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. तसंच ‘मिटिगेट’च्या पुढे धोका, परिणाम, नुकसान येतं, ‘अलिव्हिएट’पुढे वेदना, दारिद्र्य, ‘कर्टेल’पुढे खर्च, अधिकार, स्वातंत्र्य. शब्द असा सोबत्यासकट उचलायचा.

म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द लिहू नका, गाळलेल्या जागेचं वाक्य लिहा : ‘ट्रीज हेल्प टू मि____ द इफेक्ट्स ऑफ एक्स्ट्रीम हीट.’ पहिली दोन अक्षरं द्यायची, नाहीतर ‘रिड्यूस’ टाकून मोकळे व्हाल. मागे पूर्ण शब्द, ‘तीव्रता सौम्य करणे’ असा नेमका अर्थ, दोन सोबती (‘रिस्क’, ‘डॅमेज’), नामरूप ‘मिटिगेशन’ आणि एक सावधगिरी : ‘मिटिगेट अगेन्स्ट’ म्हणू नये, तिथे ‘मिलिटेट अगेन्स्ट’ हवं, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. एका कार्डावर एवढं लिहायला वेगळी तीन-चार मिनिटं जातात. रोज सातच का, हे आता लक्षात येईल.

प्रश्न : बाजारातल्या तयार याद्या वर्णानुक्रमे असतात. त्या क्रमानं करू का?
(अशोक चौक)

उत्तर : नको. त्या क्रमात सारखे दिसणारे शब्द शेजारी येतात. ‘इन्जीनियस’ म्हणजे कल्पक आणि ‘इन्जेन्युअस’ म्हणजे निष्कपट, भोळा. दोन्ही एकाच दिवशी पाठ केले की दोन्ही ओळखीचे वाटतात, पण कोणता कोणाचा हे कायमचं डळमळीत राहतं. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच. एक पक्का होऊ द्या, दुसरा तीन आठवड्यांनी घ्या.

प्रश्न : आमच्याकडे यंत्रमाग आहेत, घरात सगळे तेलुगू-मराठी बोलतात. लॅटिन धातू शिकले की शब्द आपोआप कळतात, असं क्लासमध्ये सांगतात. खरं का?
(पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : अर्धं खरं, आणि तो अर्धा भाग तुमच्याच धंद्यातला आहे. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणं. त्यातून ‘टेक्स्टाइल’ आणि ‘टेक्श्चर’ आले, तसा ‘टेक्स्ट’ही आला : शब्दांचं विणलेलं कापड. ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे एकत्र विणलेलं, म्हणून संदर्भ. ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढ्यात विणून धरलेला पडदा, म्हणून बहाणा. पाचही शब्द एका खुंटीला टांगले गेले.

कापडातून आलेले आणखी दोन घ्या. विलायतेत धुतलेलं लोकरी कापड चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवत. ते आकडे म्हणजे ‘टेंटरहुक्स’. ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे आपला जीव टांगणीला लागणं. ‘शॉडी’ हे मुळात चिंध्या पिंजून पुन्हा काढलेल्या लोकरीचं नाव. आज त्याचा अर्थ हलक्या प्रतीचं, निकृष्ट.

पण धातू आठवणीला उपयोगी, अंदाजाला धोक्याचा. ‘इन’ म्हणजे नकार असं धरून चाललात तर ‘इन्व्हॅल्युएबल’चा अर्थ ‘कवडीमोल’ लावाल. तो आहे ‘अनमोल’. ‘इन्फ्लेमेबल’ डब्याजवळ तर काडीही ओढू नका, तो पेट घेणाराच असतो. आधी वाक्यावरून अर्थ लावा, कोशात ताडून पाहा, धातू मागाहून.

प्रश्न : मी परिचारिका आहे, आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणार आहे. लिखाणात भारी शब्द घातले की गुण वाढतात का?
(सात रस्ता)

उत्तर : लेखन आणि बोलणं या दोन्ही भागांत शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक आहे, म्हणजे चौथा हिस्सा. त्यात शब्द जागेवर बसतो का, हेही पाहतात. ‘मेनी’च्या जागी सरसकट ‘प्लेथोरा’ घालायची खोड पुष्कळांना असते. त्यात गरजेपेक्षा जास्त अशी छटा आहे, म्हणून ‘प्लेथोरा ऑफ नर्सेस’ लिहिलंत तर परिचारिका उगाच जास्त झाल्यात असा सूर लागू शकतो. समानार्थी म्हणून दिलेल्या जोड्याही तपासून घ्या. ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ, ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश. ‘थ्रिफ्टी’ काटकसरी, ‘स्टिंजी’ चिक्कू. मराठीत या छटा तुम्हाला नीट कळतात, म्हणून कार्डावर त्याच शब्दांत लिहा.

प्रश्न : वाचायला काय घ्यावं? अग्रलेख डोक्यावरून जातात.
(बार्शी)

उत्तर : कुठलाही १०० शब्दांचा उतारा घ्या आणि अनोळखी शब्द मोजा. दोनपर्यंत असतील तर बिनधास्त वाचा, अर्थ संदर्भातून लागेल. पाच असतील तर कोश जवळ ठेवून वाचा. दहा असतील तर सध्या बाजूला ठेवा. आठवड्याची पुरवणी, खेळाचं पान किंवा किशोरांसाठीचं विज्ञान वाचा. कोश मात्र ‘लर्नर्स’ प्रकारचा घ्या. त्यात अर्थ दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच सांगितलेला असतो आणि उदाहरणांत सोबती शब्द आयते सापडतात.

प्रश्न : उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालेल ना?
(पंढरपूर)

उत्तर : आठवण म्हणून चालेल, पण कोशाच्या अॅपमध्ये ऐकल्यावरच लिहा. स्पेलिंगवरून लिहिलंत तर ‘इपिटमी’चं ‘एपिटोम’ होतं, ‘हायपर्बली’चं ‘हायपरबोल’, आणि ‘सटल’मध्ये नसलेला ‘ब’ घुसतो. दुसरं, आपल्या लिपीत आघात दिसत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फटॉग्रफी’मध्ये ‘टॉ’वर. ज्या अक्षरावर जोर, त्याच्याखाली लाल रेघ ओढा. एकच शब्द नाम आणि क्रियापद असेल तर दोन रेघा लागतात : ‘रेकॉर्ड’ ही नोंद असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, नोंदवणं असेल तर ‘रिकॉर्ड’, जोर मागच्या अक्षरावर.