नॉरअ‍ॅड चालू आहे, लघवी नाही: आता काय?

आयसीयूत नव्याने ड्यूटी लागलेल्या मित्रा, आधी सिरिंज बघ. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा (बीपी वाढवणाऱ्या औषधाचा) बेस, म्हणजे मूळ औषध, 4 मिग्रॅ. 50 मिली.त भरला की 1 मिली.त 80 मायक्रोग्रॅम येतात. 60 किलोच्या पेशंटला 0.1 मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट द्यायचं तर पंपावर ताशी 4.5 मिली. अँप्यूलवर बायटारट्रेटचं (त्याच्या क्षाराचं) वजन छापलेलं असेल, तर बेस त्याच्या निम्मा. इथेच डोस दुप्पट-निमपट होतो.

मग ट्रान्सड्यूसर, म्हणजे धमनीतला दाब मोजणारा सेन्सर. तो हृदयाच्या पातळीखाली 10 सेंमी. घसरला, तर एमएपी (धमनीतला सरासरी दाब) सुमारे 7 मिमी. पाऱ्याने जास्त दिसतो. आपण खूश, किडनी उपाशी.

एमएपीचं लक्ष्य 65. जुना बीपीवाला असेल तर 80-85 वर ठेवून बघायला हरकत नाही. 2014 च्या सेप्सिसपॅम या सेप्टिक शॉकवरच्या चाचणीत अशा रुग्णांना डायलिसिस कमी लागलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, आणि एएफ (हृदयाची अनियमित लय) वाढलं.

डोस 0.25 च्या पुढे गेला की तोच ताणत बसू नकोस, व्हॅसोप्रेसिन (रक्तवाहिन्या आवळणारं दुसरं औषध) 0.03 युनिट/मिनिट जोड. ‘किडनीसाठी थोडं डोपामिन’ सुचवणारे अजून भेटतील. मान डोलव, लावू नकोस.

लघवी ताशी 0.5 मिली./किलोच्या खाली? आधी कॅथेटर फ्लश कर. मग सलाईनची पुढची बाटली लावण्याआधी इको बघ. फुगलेल्या शिरांमुळेही किडनी बंद पडते. निफाड, सिन्नरहून रेफर होऊन आलेल्याला तिकडे डायक्लोफेनॅक किंवा अमिकासिन (दोन्ही किडनीला मारक) दिलंय का, हे नातेवाइकांना विचारच. चिठ्ठीवर ते बहुधा नसतं.