‘आजार नोकरीशी संबंधित नाही’ म्हणून सैन्यातून निवृत्त झालेल्या वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्व निवृत्तिवेतन) नाकारली, आता काय करता येईल?
खचू नका, असे नकार पुढे फिरलेले आहेत. आधी रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, अहवाल मिळवा आणि आजाराच्या कारणाचा रकाना वाचा. तिथे पुष्कळदा एका ओळीत नकार असतो, कारण दिलेलंच नसतं. वकिलाला तेच आधी दाखवा. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा तंदुरुस्त होता असंच धरायचं. वडील या पेन्शनचे २०२३ चे नवे नियम आल्यावर निवृत्त झाले असतील तर हे वकिलाला आवर्जून सांगा. विभागीय अपील फेटाळलं तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जाता येतं, त्याचं मुंबईत खंडपीठ आहे. मुदत मात्र पाळा. कागदपत्रांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.