यादीत नाव नको, पण मत हवं

प्रिय बाळ,

रेफ्युजमध्ये, म्हणजे घरातला छळ सोसून बाहेर पडलेल्या बायकांच्या आसऱ्याच्या घरात, कामाला लागलीस, फार बरं वाटलं. तिथल्या बायकांकडे मतदार नोंदणीचा विषय काढलास की बहुतेक जणी म्हणतील, "नको गं, त्याला पत्ता लागेल." ती भीती खरी आहे. इंग्लंडमध्ये पूर्ण मतदार यादी कौन्सिलमध्ये जाऊन कुणालाही देखरेखीखाली पाहता येते. "ओपन रजिस्टरमधून नाव काढ, झालं," असं पुष्कळ जण सांगतात. तू सांगू नकोस. ओपन रजिस्टर ही फक्त विकली जाणारी यादी; पूर्ण यादीत नाव-पत्ता राहतोच.

तिला हवी निनावी नोंदणी. त्यात यादीच्या शेवटी फक्त क्रमांक आणि 'एन' हे अक्षर येतं. घरात मतदानाच्या वयाचा मुलगा असेल तर त्याचाही अर्ज त्याच पुराव्यावर करून घे, नाहीतर त्याच्या नावावरून आईचं घर सापडेल.

अर्जासोबत धोक्याचा पुरावा लागतो; कोर्टाचा मनाई आदेश नसला तरी अडत नाही, सही केलेला दाखला चालतो. पूर्वी पोलिसांत निदान सुपरिंटेंडंटची सही लागायची. मार खाऊन बाहेर पडलेली बाई त्याच्यापर्यंत पोचणार कशी? विमेन्स एड ही अशा बायकांसाठी काम करणारी संस्था आणि या बायकांनीच हे लावून धरलं. २०१८ पासून इन्स्पेक्टर, डॉक्टर, नर्स, मिडवाइफ आणि रेफ्युजच्या मॅनेजरचीही सही चालते. म्हणजे सही तुमच्याच ऑफिसात आहे, तिला वणवण करायला लावू नका. दाखल्याची मुदत १ ते ५ वर्षं लिहिता येते. धोका लवकर टळणारा नसेल तर ५ लिहायला सांग, कारण नोंदणी १२ महिन्यांनी संपते आणि दर वर्षी नवी सही मागत फिरायचं म्हटलं की माणूस थकतो. मला सगळ्यात जास्त काळजी या नूतनीकरणाचीच वाटते. तोवर ती रेफ्युज सोडून गेलेली असते, आणि घर बदललं की अर्जही नव्याने करावा लागतो. निघतानाच तिला हे समजावून सांग.

केंद्रावर जाऊन मत द्यायचं तर तिला पासपोर्ट चालत नाही. फोटो आणि क्रमांक असलेलं, नाव नसलेलं वेगळं ओळखपत्र आधी काढावं लागतं. पोस्टाने मत द्यायचं तर त्याची गरज नाही.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आपल्या मराठी मुलींनाही आवर्जून सांग: भारतीय नागरिक असलो तरी इथे कायदेशीर राहतोय तोवर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला मत आहे.

निनावी नोंदणीचा फॉर्म कागदावरच भरावा लागतो. चार-पाच प्रती छापून ड्रॉवरमध्ये ठेव.

तुझी,
मावशी